डाल्याखालचा कीस

थोरल्या जावेचा मला राग होता आणि तो अजून गेलेला नाही. ती जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत एवढं मला कळतं, पण ती होती तेव्हा तिच्यासमोर तोंड उघडायची मला सोय नव्हती, आणि आता माझंही वय झालं आहे. तेव्हा लिहूनच टाकते.

आमचं बिनसलं ते लाकडाच्या किसावरून. वाचणाऱ्याला हसू येईल, पण आमच्या घरात भांडायला याहून मोठं कारण कधी लागतच नसे.

लढाईची वर्षं होती. माझं सासर साजगावच्या अलीकडे, रस्त्याला लागून. घरात सासू, थोरले दीर, जाऊ, माझे यजमान आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. यजमान रेल्वेत होते, घाटात ठाकुरवाडीच्या गँगवर. रुळांखालची खडी ठोकायची, दरडीकडे लक्ष ठेवायचं आणि रजा मिळाली की घरी यायचं, एवढं त्यांचं आयुष्य. घरी आले तरी ते बोलायचे कमी. घरात सत्ता दिरांची चाले आणि दिरांवर जावेची.

दीर खोपोलीच्या बाजूला एका ठेकेदाराच्या शेडवर मुकादम होते. लढाईचा माल बोटीनं यायचा तो मोठाल्या लाकडी खोक्यांतून. रिकामी खोकी या शेडवर येत. तिथे ती मोडायची, फळ्यांना रंधा मारायचा आणि पुन्हा नवी खोकी ठोकायची, असं काम चाले. ते लाकूड चिडाचं, ज्याला इंग्रजी शिकलेले लोक पाइन म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. आमच्याकडे खोक्याच्या असल्या सगळ्याच लाकडाला देवदार म्हणत. रंध्याखालून त्याचा जो कीस निघे तो शेडवर ढिगानं पडलेला असे आणि तो कुणीही उचलून न्यावा. दीर रोज संध्याकाळी त्याची एक गोणी सायकलला बांधून घरी आणू लागले.

आणायला कारणही होतं. त्या साली मुंबईच्या तबेल्यांकडून पेंढ्याला फार मागणी आली आणि दिरांनी आमचा निम्म्याहून जास्त पेंढा गाड्या भरून पाठवून दिला. बैलांना आणि म्हशीला खायला पुरेल एवढा राहिला, खाली अंथरायला मात्र काही उरलं नाही. ती जागा या किसानं भरली.

"साहेबाची खेचरं ह्याच्यावरच निजतात," दीर ओटीवर बसून सांगायचे. "कोरडं ऱ्हातं, ऊब ऱ्हाते, पिसवा होत नाय. आपल्या जनावरांना काय धाड भरलीय?"

खरं सांगायचं तर गोठ्यात त्या किसानं काही बिघडलं नाही. बैल त्यावर बसले, म्हैस बसली, खालची ओल कमी झाली, शेण उचलायला सोपं गेलं. म्हशीनं एकदा तोंड लावून पाहिलं आणि फुरफुरून सोडून दिलं. दिरांचं म्हणणं बैलांपुरतं आणि म्हशीपुरतं सोळा आणे खरं होतं. मी रागीट असले तरी खोटं लिहिणार नाही.

मला खुपायचा तो वास. राळेचा असतो तसा, पण त्यात कुणी रॉकेल मिसळल्यासारखा. तो हातांना लागे, लुगड्याला लागे, सकाळी दुधाच्या चरवीत नाक घातलं तरी मला तोच येई. सासूला मात्र तो आवडायचा. संध्याकाळी आम्ही गोठ्यात डासांसाठी कडुलिंबाच्या पाल्याची धुरी करत असू आणि सणवार असला तर त्यात चिमूटभर राळ टाकत असू. सासू म्हणे, आता रोजच राळ, तीही फुकटात. जावेला तर त्या किसाचा अभिमानच चढला होता. शेजारणी आल्या की ती मूठभर उचलून त्यांच्या नाकाला लावायची. नवऱ्यानं पाटल्या आणल्या असत्या तरी तिनं इतक्या दाखवल्या नसत्या.

आता माझं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आदल्या वर्षी माझं मूल गेलं होतं. मुलगी होती. पाचवी पुजायच्या आधीच गेली, त्यामुळे तिला ना नाव मिळालं, ना पाळणा. महिनाभर मी माहेरी पोशीरला पडून होते, मग यजमान येऊन घेऊन गेले. परत आले तेव्हापासून त्या घरातली माझ्याकडे बघायची तऱ्हा बदलली. तोंडावर कुणी काही म्हणत नसे. पण शेजारच्या बारशाला मला कुणी बोलवलं नाही, आणि कुणाचं तान्हं मांडीवर घ्यायला मी हात पुढे केला की त्या आईला नेमकं तेव्हाच त्याला पाजायचं असे.

आणि अशात जावेला दिवस राहिले. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, देवऋषी झाले होते, नवस झाले होते, आणि आता कुठे. तिला भीती वाटत असणार हे मला तेव्हाही कळत होतं. पण भीती वाटणारं माणूस काय करतं तेही मी बघत होते. तिनं माझ्याकडून वेणी घालून घेणं बंद केलं. माझ्या हातचं पाणी ती घेई पण पीत नसे, तांब्या तसाच बाजूला ठेवून देई. मी समोरून आले की पदर पोटावर ओढून घेई. चौथ्या महिन्यात ती सासूला म्हणाली, मी चुलीपाशी आहे हे बघून म्हणाली, "आई, माझं सुटेपर्यंत हिला पोशीरला धाडा. कुणाची कशी नजर असते, सांगता येत नाय."

सासू म्हणाली, "बघू."

मला जायचं नव्हतं. माहेर वाईट होतं असं नाही. आई होती, भाऊ होते, भाताची शेती होती. पण मूल गेलेली बाई कारण नसताना माहेरी येऊन राहिली की गावाला जे समजायचं ते समजतं, आणि एकदा गेलेल्या बाईला परत न्यायला माणूस येतोच असं नाही. पोशीरला आमच्या शेजारीच अशी एक होती. चार महिन्यांसाठी म्हणून आलेली, भावाच्या घरची भांडी घासून म्हातारी झाली. लहानपणी आम्ही पोरी तिची नक्कल करायचो. माझी नक्कल करायला पोशीरात पुष्कळ पोरी होत्या. म्हणून मी ठरवलं होतं की या घरातून हलायचं नाही, काही झालं तरी नाही.

थंडी सुरू व्हायच्या सुमारास गावात मानमोडी आली. कोंबड्यांचा हा रोग ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. सकाळी खुराडं उघडावं तर एक मान वाकडी करून गोल गोल फिरते आहे, दुसरी पडली आहे. पंधरवड्यात सगळ्या आळीत कोंबडा आरवायचा थांबला. जावेच्या सगळ्या कोंबड्या गेल्या. आमच्या खुराड्यात राहिली ती एक काळी, आणि ती माझी होती. पोशीरहून परत येताना आईनं पाटीत घालून, वर फडकं बांधून माझ्याबरोबर दिली होती.

जाऊ ओटीवर उभी राहून म्हणाली, "बघा आई. सगळी गेली, हिचीच तेवढी ऱ्हायली."

एवढंच म्हणाली. तिला कधीच जास्त बोलावं लागत नसे.

माघात काळी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसायला आली. सासूला आनंद झाला, कारण पुन्हा खुराडं भरायचं तर याच एका कोंबडीच्या पोटातून भरणार होतं. शेजारच्या आळीत एक कोंबडा वाचला होता, त्यामुळे अंडी फळणारी होती. सासूनं अंडी पाण्यात सोडून पारखली, पाटी घेतली. पाटीत खाली भाताचं तूस आणि वर चुरडलेला पेंढा अशी आमची रीत. पण जाऊ पुढे झाली आणि तिनं पाटीत गोणीतला कीस ओतला.

मी म्हटलं, "आई, त्या वासानं अंडी नासतील."

"वास?" जाऊ म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं आणलंय म्हणून वास येतो गं तुला. पेंढ्याला नाय येत वास?"

सासूनं तिची बाजू घेतली. गरवार बाईचं मन मोडू नये म्हणून घेतली असेल, किंवा तिला खरंच तसं वाटत असेल. कोंबडी किसावर बसली. मी रोज देवाला हात जोडून म्हणायची की एक तरी अंडं नासू दे. स्वतःच्या कोंबडीची अंडी नासावीत म्हणून नवस बोलणारी बाई त्या वर्षी अख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन.

अंडी नासली नाहीत. जवळजवळ सगळी फुटली. पिल्लं निघाली ती अशी चुणचुणीत की सासू पाटीपाशी बसून हसायला लागली. जाऊ माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गं, नासली का?"

मी चुकले होते आणि चुकले याचा मला राग आला होता. पण ती पिल्लं बघून आनंदही झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. ती हातात घेतली की तळहाताला ऊब लागायची आणि आत काहीतरी भराभर धडधडायचं. मूल गेल्यापासून इतकं लहान जिवंत असं काही मी हातात धरलं नव्हतं. मी सारखी जाऊन बघायची. जावेनं तेही टिपून ठेवलं.

पिल्लं निघाली की घारी-कावळ्यांपासून वाचवायला पहिले काही दिवस त्यांना आईसकट डाल्याखाली ठेवतात. डालं म्हणजे बांबूची मोठी उपडी टोपली. आमच्याकडे ती पडवीत असायची आणि तिच्याखाली नुसती सारवलेली जमीन. सासू सकाळ-संध्याकाळ मूठभर कण्या घेऊन यायची, डालं थोडं उचलायची, "ति ति ति" करत कण्या आत फेकायची. काळ्या-हिरव्या सारवणावर पांढऱ्या कण्या लगेच दिसत. कोंबडी टोचून दाखवी, पिल्लं टोचत. आमच्या घरात, आईच्या घरात, सगळ्या मुलखात पिल्लं अशीच वाढली होती आणि त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नव्हतं.

त्या साली थंडी लांबली होती. जाऊ म्हणाली, जमीन गार लागेल, खाली कीस घाला. तिनं स्वतः वाकून, पोट सांभाळत, डाल्याखाली चांगला वीतभर थर केला. दिसायला मऊ गादी. सासू नेहमीसारखी आली आणि तिनं नेहमीसारख्या कण्या फेकल्या. त्या किसावर पडल्या आणि आत गेल्या.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी पहिलं पिल्लू गेलं. पंख खाली टाकून, चोच उघडून ते कोपऱ्यात उभं राहिलं आणि दुपारी आडवं झालं. एखादं जातंच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन गेली. मग रोज. सगळ्यांचं तसंच, आधी सुस्त व्हायची, मग कुडकुडल्यासारखी करायची, मग संपायची. मानमोडी परत आली म्हणावं तर माना सरळ होत्या, आणि मोठी कोंबडी ठणठणीत.

"मी सांगत नव्हते?" जाऊ सासूला म्हणाली. या वेळी मला ऐकू जावं म्हणून आवाज चढवायचीही तिनं गरज मानली नाही, मी समोरच होते. "ही डाल्यावर वाकली की एक जातं. सकाळी वाकली, दुपारी गेलं. पिल्लांचं हे, तर माझं काय होईल?"

सासूनं माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याची मला सवय होती, पण आतापर्यंत त्यात थोडी लाज असे. त्या दिवशी नव्हती. ती म्हणाली, "तो रजेवर आला की जा त्याच्यासंगती. तवर डाल्याकडं फिरकू नको."

मी त्या रात्री जेवले नाही. रडले वगैरे नाही, मला भयंकर राग आला होता. मला स्वतःलाही कुठेतरी वाटायला लागलं होतं की असेल बाई, असेल माझ्या नजरेत काही, आणि हे वाटायला लावलं म्हणून मला जावेचा जास्त राग आला.

सासूनं नको सांगितलं तरी दुसऱ्या दिवशी ती पाणवठ्यावर गेली तेव्हा मी पडवीत जाऊन बसले. डालं उचललं नाही. फटीतून बघत राहिले. काळी पायानं कीस उकरत होती, कण्या शोधत होती, आणि उकरताना किसाच्या कुरळ्या पट्ट्या मोडून त्यांचे बारीक पांढरे तुकडे होत होते. एक पिल्लू पुढे आलं, त्यानं टोचलं आणि गिळलं. मी नीट पाहिलं. गिळली ती कणी नव्हती. परत टोचलं, परत तेच. आईनं बोलावलं होतं, जमीन पांढरी होती, त्या बिचाऱ्याला कणी आणि लाकूड यातला फरक कुणी सांगितला होता? मी हात घालून एक सुस्तावलेलं पिल्लू बाहेर काढलं. गळ्याखाली दाणा साठतो ती पिशवी दाबून पाहिली. सुपारीसारखी घट्ट लागली.

पुढे कित्येक वर्षांनी आमच्या भागात पोल्ट्र्या आल्या. तिथे पिल्लं उतरवली की पहिले काही दिवस भुशावर वर्तमानपत्र अंथरतात, म्हणजे पिल्लांनी भुसा खाऊ नये. पोल्ट्रीवाल्यानं मला हे फार मोठी विद्या असल्यासारखं समजावून सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं, बाबा, तू तेव्हा कुठे होतास?

सासू पाणी घेऊन आली तेव्हा मी तिला म्हटलं, "आई, कण्या किसावर टाकू नका. कीस काढा, नायतर सुपात घालून द्या. पिल्लं लाकूड खातात."

तिनं घागर उतरवली. "जन्म गेला माझा पिल्लांना कण्या टाकण्यात," ती म्हणाली. "तू शिकवणार मला? आणि डाल्याकडं कशाला गेलीस?" आणि संध्याकाळी तिनं मूठभर कण्या आणल्या आणि "ति ति ति" करून किसावर फेकल्या. हट्टानं, नेहमीपेक्षा दोन मुठी जास्तच.

यजमान दोन दिवसांनी सकाळी आले. दिरांना सुट्टी होती. यजमान हातपाय धुऊन ओटीवर बसले आणि जावेनं त्यांना चहा नेऊन दिला, आणि चहाबरोबर सगळी हकीकत. मी आतून ऐकत होते. यजमान "बरं" म्हणाले. कुठल्याही गोष्टीवर त्यांचं पहिलं म्हणणं "बरं" असे, आणि बहुधा शेवटचंही.

मी पडवीत गेले. डाल्याखाली एक पिल्लू मरून पडलं होतं, अजून कडक झालं नव्हतं. ते उचललं, विळी घेतली आणि परसात धुण्याच्या दगडापाशी बसले. कोंबडी साफ करायची हाताला सवय होती, तीच सवय, फक्त जीव एवढासा. गळ्याखालची पिशवी चिरली. आत कण्या मोजून चार-पाच असतील. बाकी सगळा कीस, ओला होऊन गोळा झालेला, कातडीला आतून चिकटलेला. पोटातही तेच. मी ते सगळं केळीच्या पानाच्या तुकड्यावर काढलं.

ते पान घेऊन मी ओटीवर गेले. हे आज वाचताना काही वाटणार नाही. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर उभं राहायचं नसतं, बोलायचं तर नसतंच. लग्न झाल्यापासून त्यांना जेवायला वाढायचं तरी मी दाराआडून ताट सरकवत होते. त्या दिवशी मी डोक्यावरचा पदर ओढला, त्यांच्यासमोर जाऊन पान ठेवलं आणि म्हटलं, "भावोजी, हे बघा. मेलेल्या पिल्लाच्या पोटात हे निघालं. तुमचा कीस हाय."

सगळे तिथेच होते. सासू तांदूळ निवडत होती, तिचा हात सुपात थांबला. जाऊ खांबाला टेकून उभी होती. यजमान उठून उभे राहिले आणि का उठलो ते न कळून तसेच राहिले.

दिरांनी त्यातली एक पट्टी उचलली. बोटांत चोळली, वास घेतला. रोज त्याच लाकडात वावरणारं माणूस ते, त्यांना विचारायची गरज नव्हती. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी सासूकडे पाहिलं, सासूनं सुपाकडे पाहिलं. मला वाटलं, झालं. सुटले मी. क्षणभर मला जावेची दयाही आली, इतकी मी वेडी.

मग जाऊ बोलली, अगदी हळू आवाजात.

"हिनं पिल्लू चिरलं," ती म्हणाली. "घरात मी अशी असताना, हिनं विळीनं एवढंसं पिल्लू चिरलं. ग्रहणाच्या वेळेस विळी धरत नाय आमी, भाजीसुद्धा चिरत नाय. आणि ही पोट फाडून बसली." ती खाली बसली आणि दोन्ही हात पोटावर ठेवून हुंदके द्यायला लागली. ते ढोंग नव्हतं. ढोंग असतं तर मी तिथल्या तिथे तिची खरडपट्टी काढली असती.

मी म्हटलं, "पिल्लू मेलेलं होतं. कशानं मेलं ते तुमच्यासमोर हाय."

पण पानाकडे आता कुणी बघत नव्हतं. दिरांनी हातातली पट्टी खाली टाकली, बोटं धोतराला पुसली आणि भावाला म्हणाले, "दुपारची गाडी हाय रं. घेऊन जा हिला."

यजमान म्हणाले, "बरं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे ते एकदा म्हणाले की मी काय करणार होतो, थोरल्यासमोर. मी म्हटलं, काही नाही, तुम्ही कधी काही करणारच नव्हता. यावर त्यांनी काय म्हटलं असेल ते सांगायला नको.

बोचकं बांधायला मला वेळ लागला नाही. दोन लुगडी, कंगवा, मुलीसाठी शिवलेलं आणि कधी न वापरलेलं एक झबलं. ते मी मागे ठेवणार होते, ठेवलं नाही. त्या घरात माझं काहीही राहू नये असं मला वाटत होतं आणि त्याच वेळी माझ्या पायांना उंबरा ओलांडवत नव्हता. खोपोलीहून कर्जत, कर्जतला गाडी बदलून नेरळ, नेरळहून पायी पोशीर. वाटेत कोण कोण भेटेल आणि काय विचारेल ते सगळं मला आधीच दिसत होतं.

सासू करंडा घेऊन आत आली. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत मूठभर तांदूळ टाकले. बाहेर कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "कीस काढला मी डाल्याखालचा. तूस घातलंय. कण्या सुपात ठेवल्या."

मी म्हटलं, "म्हणजे तुमाला पटलं."

"पटलं गं. मला काय डोळे नायत?"

"मग मला कशाला धाडता?"

ती थोडा वेळ करंड्याचं झाकण लावत बसली. ते लागत नव्हतं. "तिचा जीव भ्यालाय," ती म्हणाली. "भ्यालेली बाई सुटताना अडते, मी बघितलंय. तिला सांभाळलं पायजे. तू काय, तू सोसशील."

मी पडवीत जाऊन उभी राहिले. डाल्याखाली तूस होतं, सुपात कण्या होत्या, आणि उरलेली दोन पिल्लं सुपाच्या काठावर चढून खात होती. त्यांच्या आईनं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं.

मी सासूला म्हटलं, "काळीला मी नेते. माझ्या आईनं दिलेली हाय. पाटीत घालून नेते, पिल्लांसकट."

"छे," सासू म्हणाली. ती खरोखर दचकली होती. "पिल्लं एवढी असताना कोंबडीला जागची हलवतात का गं? बिथरते ती. पिल्लं टाकते. तुला म्हायत नाय?"

मला माहीत होतं. पोशीरलाही आम्ही पिल्लं असलेल्या कोंबडीला कधी हलवत नव्हतो. मला पिल्लू नव्हतं. यजमान रस्त्यावर जाऊन उभे होते, मी बोचकं उचललं आणि त्यांच्या मागून स्टेशनाकडे चालायला लागले.